कै. दीनानाथराव फरार आहेत

झाशी
(तारीख फोनमध्ये असते आणि फोन पोलिसांकडे आहे, त्यामुळे आज मंगळवार एवढंच खात्रीने सांगते.)

चि. विद्याधर भावोजी यांस,

इंदूवहिनीचा आशीर्वाद, न मागता दिलेला, तेव्हा परत करू नये. सत्तरीला टेकलेल्या निवृत्त हेडमास्तरांना चिरंजीव लिहावं का, यावर मी पेन तोंडात धरून विचार केला. पण आमच्या लग्नात जिलबी संपली म्हणून हाफ पँटीत भोकाड पसरलेला दीर मी या डोळ्यांनी पाहिलाय, आता तुम्हाला तीर्थरूप लिहायला हात धजत नाही. गुडघे कसे आहेत? साखर किती? स्नेहलता लाडवांचा डबा अजून फडताळात सगळ्यात वर ठेवते, की तुमच्या गुडघ्यांची दया येऊन खाली आणला? नागपूरला ऊन फार, असं तुम्ही मागे म्हणालात. झाशी विसरलात म्हणून असं म्हणता. इथे कूलरलाच घाम फुटलाय.

आता तुम्ही म्हणाल, वहिनींनी फोन करायचा सोडून पत्र कशाला लिहिलं. एक तर फोन नाही, हे वर सांगितलंच. सुबोधचा आहे, मेघनाचा आहे, आभाकडे तर दोन आहेत. पण यातल्या कुठल्याही फोनवरून तुमच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलंय, आणि त्याला कारण आहे. ते शेवटी येईल. तुम्ही जन्मभर मुलांना नागरिकशास्त्र शिकवलंत, हक्क आणि कर्तव्यं पाठ करून घेतलीत. मी आमच्या खेड्यातल्या शाळेत सातवीपर्यंत गेले, तिथे नागरिकशास्त्राच्या तासाला गुरुजी आमच्याकडून भुईमुगाच्या शेंगा सोलून घेत. त्यामुळे पुढे जे लिहिते त्यात हक्क कुठला आणि कर्तव्य कुठलं, हे तुम्हीच निवडून घ्या. मला काही कळेनासं झालंय.

तर हकीकत अशी. चैत्रगौरीचं हळदीकुंकू यंदा आपल्या घरी झालं. (विधवेच्या घरी हळदीकुंकू कसं, असं मनात आलं असेल तर मनातच ठेवा. हळदीकुंकू माझ्या सुनेचं, मेघनाचं. मी फक्त कैरीची डाळ वाटली.) झाशीतल्या मराठी बायका आता एका खोलीत मावतील एवढ्याच उरल्यात, आणि त्यातल्या तरण्या पोरींना उखाणा घे म्हटलं की त्या मोबाईल काढून शोधायला लागतात. मग सगळ्या माझ्याकडे वळल्या, काकू तुम्हीच घ्या. मी म्हटलं, अगं, आता कुणाचं नाव घेऊ? तर बबीन्याहून आलेली एक फौजी अधिकाऱ्याची बायको म्हणाली, नाव थोडंच जातं माणसाबरोबर. मला ते पटलं. पदर खोचला आणि घेतला:

दतिया गेटच्या खड्ड्यात म्हशीची फिटली हौस,
गुड्डन भैयांच्या राज्यात बारा महिने पाऊस;
मत मागायला याल तेव्हा होडी घेऊन यावं,
दीनानाथरावांचं नाव घेते, आता तरी डांबर द्यावं.

गुड्डन भैया म्हणजे आमचे पार्षद, तुमच्याकडचे नगरसेवक. खड्डा म्हणजे पाण्याची लाईन फुटून झालेला. गेल्या दिवाळीपासून पाणी नळाला नाही, खड्ड्याला आहे. म्हैस कुणाची ते मला माहीत नव्हतं. (आता माहीत आहे. गुड्डन भैयांच्या मेव्हण्याची आहे. हे आधी कळलं असतं तर म्हशीला आणखी एक ओळ दिली असती.)

आपल्या आभाने, म्हणजे सुबोधच्या लेकीने, हे सगळं माझ्याच फोनमध्ये टिपलं आणि माझ्याच नावाच्या खात्यावर चढवलं. मला खातं आहे हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, मला विचारलंस का? तर म्हणते, "आजी, आपने 'सहमत हूँ' दबाया था ना." दाबलं असेल बाई. तो फोन दिवसातून दहा वेळा काहीतरी विचारतो आणि सहमत म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही. तुमच्या भावाशी संसार करताना मी इतक्यांदा सहमत झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी भाजीवाला मला बघून "होडी वाली अम्मा" म्हणाला आणि कोथिंबीर फुकट दिली, तेव्हा मला वाटलं, काही वाईट नाही हे.

मग व्हिडिओ नाहीसा झाला. आभाने वाचून दाखवलं की तो समुदायाच्या नियमांविरुद्ध आहे म्हणून काढला. मी विचारलं, कुठला समुदाय? आपला सगळा समुदाय तर समोर बसून पन्हं पीत हसत होता. आभा म्हणाली, अर्ज करता येतो, पण तो वाचायला माणूस नसतो, मशीनच असते. म्हणजे मशीनने काढलं आणि मशीनकडेच दाद मागायची. सासूने छळलं म्हणून सासूकडेच तक्रार न्यायची, तसलं काहीतरी.

एवढ्यावर भागलं असतं. पण एका सकाळी दारात दोन शिपाई. हातात कागद. विचारतात, "दीनानाथ राव घर पर हैं?"

भावोजी, मी क्षणभर वळून आत बघितलं. खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं कुणी यांना विचारत आलं की मी तशीच वळायचे. मग म्हटलं, नाहीत. "कब आएँगे?" मी म्हटलं, तसं काही सांगून गेले नाहीत. हे मी थट्टेत बोलले, पण शिपायाने ते लिहून घेतलं. सुबोध बँकेत निघाला होता, तो पांढरा फटक पडला आणि "आई, लिखकर माफ़ी माँग लो, बात ख़त्म" एवढंच तीनदा म्हणून स्कूटरवर पळाला.

चौकीत गेल्यावर उलगडा झाला. म्हणजे त्यांना झाला, मला नाही. गुड्डन भैयांनी तक्रार दिली होती. दरोगाजींना (म्हणजे तुमच्याकडचे फौजदार) मराठी येत नाही, गुड्डन भैयांना येत नाही, म्हणून कुणीतरी माझा उखाणा मोबाईलला खायला घातला आणि मोबाईलने त्याचं हिंदी करून दिलं. खड्डा, म्हैस, होडी बरोब्बर. आणि शेवटी, "मैं दीनानाथ राव का नाम लेती हूँ." आता पोलिसांसमोर बाईने कुणाचं नाव घेतलं, तर त्याचा अर्थ त्यांच्या धंद्यात एकच. माझ्यासारख्या म्हातारीला पुढे करून पार्षदजींची बदनामी करणारा मागचा सूत्रधार कोण, तर दीनानाथ राव. बाईने स्वतः कबूल केलंय, कॅमेऱ्यासमोर, हसत हसत.

मी दरोगाजींना आपली चालरीत समजावून सांगितली. माणूस तरुण आहे, मऊरानीपुरचा, आईबापांचं नाव काढील असा. मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. मी म्हटलं, बेटा, आमच्यात बाई नवऱ्याचं नाव एरवी घेत नाही. सणासमारंभाला, चार बायकांनी अडवलं तरच, तेही कवितेत घालून घेते.

"मतलब वैसे आप नाम छुपाती हैं?"

"छुपाती नहीं, लेती नहीं।"

"कब से?"

"ब्याह से।"

त्याने लिहिलं: विवाह के समय से ही नाम छुपाती रही। मग कलम घालायला बसला तर अडला. म्हणाला, जुना नंबर तोंडपाठ होता अम्माजी, आता कायदाच नवा आलाय, नंबर सगळे बदलले, मोबाईलमध्ये बघावं लागतं. बघितलं तर चौकीत रेंज नाही. तो गच्चीवर जाऊन कलम घेऊन आला. मी तोवर त्याच्या पंख्याची हवा खाल्ली.

मी यांचा मृत्यूचा दाखला पुढे केला. दरोगाजींनी हात जोडले, मग म्हणाले, "अम्माजी, बुरा मत मानना, हमारे यहाँ काग़ज़ पर मरे हुए कितने ही ज़िंदा घूमते हैं।" तो सांगतो ते खोटं नाही. फोन मात्र ठेवून घेतला, पुरावा म्हणून. उघडून द्या म्हणाले. आभाने माझा दंड धरला आणि कानात सांगितलं की पासवर्ड द्यायचा नाही, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, पोलिसांना तो मागता येतो की नाही यावर अजून कोर्टात वाद चालू आहे. मी म्हटलं, वाद चालू आहे तोवर मी गप्प बसते. मग अंगठा लावा म्हणाले. लावला की मी. पण जन्मभर भांडी घासून माझ्या अंगठ्यावर रेघच उरलेली नाही, रेशनच्या मशीनला मी ओळखू येत नाही तर फोनला काय येणार? हक्काने जे वाचलं नसतं ते राखेने वाचवलं.

आता फोनविषयी थोडं. त्यात फोटो आहेत, भजनं आहेत, तुमचे रोज सकाळचे फूल आणि सुविचार आहेत (ते पोलिसांनी ठेवून घेतले तरी चालतील). पण त्यात एक गजर आहे. टिंगटिंग घंटा नाही. यांचा आवाज. रोज पहाटे तो आवाज म्हणतो: "अगं ऊठ! चहा टाक! सूर्य डोक्यावर आला, अजून लोळतेस!" हे गेल्यापासून मला उठून बसायला काही निमित्त लागतं, ते हे. आवाज जरा उर्मट आहे. हे हयातीत किती मवाळ होते ते तुम्ही जाणता, मला अहो-जाहो करण्यापर्यंत मजल जायची. गजरात एवढी गुर्मी कुठून आली ते विचारू नका. पण आवाज आहे, आणि तो कानावर पडला की मी आडवी राहू शकत नाही, शिव्या देत उठते आणि चहा टाकते. दोन कप टाकते. हे मेघनाला सांगू नका.

तर तो फोन चौकीच्या कपाटात, चार्जरला लावलेला. दरोगाजींचा हुकूम, केसचा माल आहे, बंद पडता कामा नये, न जाणो दीनानाथ फोन करेल. आणि पहिल्याच पहाटे कपाटातून पुरुषी आवाज. पहाऱ्यावरचा शिपाई म्हातारा, बुंदेली बोलणारा. तो दिवस उजाडायच्या आत आपल्या दारात. "काय अम्मा, जौ को बोल रओ भुनसारे सें?" पहाटेपासून हा कोण बोलतोय, म्हणे. कोण म्हणून काय सांगू, म्हटलं, माझा नवरा. तो म्हणाला, "पर बे तो मर गए?" म्हटलं, हो. गरीब बिचारा तिथेच ओट्यावर बसला. पाणी दिलं त्याला.

तेव्हापासून घोळ वाढतोच आहे. एक पक्ष म्हणतो दीनानाथ जिवंत आहे आणि रोज पहाटे आपल्या टोळीला हुकूम सोडतो. सूर्य डोक्यावर येणे, चहा टाकणे, हे इशारे. दुसरा पक्ष म्हणतो हा आवाज मशीनने बनवलाय, हल्ली मेलेल्या माणसांकडूनही भाषणं करवून घेतात, त्यावर नवे नियम आलेत, असा आवाज बनवला तर तसं लिहून चिकटवावं लागतं. मी म्हटलं, मशीनकडून नवरा करवून घ्यायचा असता तर गोड बोलणारा नसता का केला? यावर दरोगाजी खो खो हसले. पण फोन दिला नाही. गुड्डन भैया रोज फोन करतात त्यांना, बिचारे काय करतील. आणि मधल्या मधे झालंय असं, की चौकीतले सगळे आता त्या गजराने उठतात. म्हाताऱ्या शिपायाने त्या वेळी खरंच चहा टाकायला सुरुवात केलीय. माझ्या घरात मात्र उशिरापर्यंत सामसूम असते आणि मी पडल्या पडल्या छताकडे बघते.

आभा रोज एक नवा हक्क घेऊन येते. परवा म्हणाली, इंटरनेटने आपल्याला विसरून जावं असाही एक हक्क आहे, त्यासाठी लोक कोर्टात जातात. मी पुन्हा विचारलं, विसरून जावं असा? हो म्हणाली. मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही. विसरायला कसला हक्क लागतो? ते आपोआप होतं. मला यांचा चेहरा आठवायला फोटो आहे, चष्मा कसा पुसायचे ते आठवतं, पण आवाज काही केल्या मनात धरून ठेवता येत नाही, धरायला गेलं की माझाच आवाज ऐकू येतो. लक्षात ठेवायचा हक्क कुठल्या कलमात आहे, ते तुमच्या पुस्तकात बघून ठेवा.

बाकी सगळं बरं आहे. काळजी करण्यासारखं काही नाही. व्हिडिओ गेला तो गेला, खड्डा आहे तिथे आहे, म्हैस खुशीत आहे. उन्हात फिरू नका, लाडू खाऊ नका, माझी आठवण काढत जा.

तुमची,
इंदूवहिनी
(सूत्रधाराची बायको)

ता. क. काळजी करण्यासारखं काही नाही असं वर लिहिलंय ते खोडायला पाहिजे. फोन आता लखनौच्या लॅबला पाठवायचा घाटतंय. आभा म्हणते तिथे तो कुलूप फोडून उघडतील, वर्षं लागतील, आणि परत येईल तो कोरा येईल. तो कोरा आला तर मला नको. दरोगाजींनी एक वाट सांगितली: आवाज कुणाचा यावर वाद नाही, असं मयताच्या रक्ताच्या नात्यातल्या माणसाने लेखी दिलं, तर लॅब नको, फोन परत. सुबोधला म्हटलं तर त्याच्या पोटात दुखायला लागलं. तेव्हा रक्ताचं, वयाचं आणि अब्रूदार असं माणूस एकच उरतं, ते म्हणजे तुम्ही. हेडमास्तरांचा शिक्का अजून असेल तर मारा.

ता. क. २. आता खरं सांगते. हे गेल्यावर मी सगळं घर धुंडाळलं, यांचा आवाज कुठेच नव्हता. फोनवर हूं म्हणून ठेवून देणारा माणूस, तो कशात सापडणार? मग वर्षश्राद्धाला तुम्ही दोघं आलात. सकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि भिंतीपलीकडून तुम्ही स्नेहलतेवर ओरडलात. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. शब्द यांचे नव्हते, तऱ्हा यांची नव्हती, पण गळा तोच, सासूबाईंनी दोघांना एकाच साच्यातून काढून दिलेला. तुम्ही रोजच ओरडता हे मला ठाऊक होतं, म्हणून दुसऱ्या सकाळी आभाने शिकवलेलं बटण दाबून मी भिंतीला लागून उभी राहिले. तेव्हा दरोगाजी म्हणतात ते खरं आहे. फोनमधला माणूस जिवंत आहे आणि नागपूरला राहतो. आणि मी मात्र, हा माझ्या स्वर्गवासी पतीचा आवाज, असं लिहून सही करून बसलेय.

ता. क. ३. तुम्हाला खोटं लिहवणार नाही, मला माहीत आहे. परीक्षेत स्वतःच्या पोराला नापास केलेला माणूस तुम्ही. म्हणून मी मजकूरच काढून ठेवलाय, फक्त उतरवायचा: "हा आवाज मी जन्मापासून ओळखतो. तो आमच्या घरातलाच आहे. या आवाजाच्या माणसाने कुठल्याही पार्षदाविरुद्ध कधी तोंड उघडलेलं नाही." यात एक अक्षर खोटं असेल तर दाखवा.

ता. क. ४. उत्तर लेखीच द्या; आमच्या घरच्या फोनांवर पोलिसांचा कान असला, तर तुमचा एक हॅलो पुरेल. दरोगाजींना चुकूनही फोन करू नका, तो आवाज आता ते झोपेतसुद्धा ओळखतात. आणि फोन माझ्या हातात येईपर्यंत घरातही सकाळी ओरडणं बंद ठेवा, तुमच्या शेजारी फौजदार राहतो असं स्नेहलता म्हणाली होती. पहाटे मुकाट्याने उठा, तिला झोपू द्या, आणि चहा तुम्ही टाका.